लिंडनरॉइथच्या खळगीतला बर्फ

एर्लांगेनच्या श्यामकांत शेवड्याचा कशावरच विश्वास नव्हता, आणि त्याचं पोटही त्याच गुणावर चालत होतं. दवाखान्यांत लागणारी यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत तो तपासणी विभागात होता. बाकीच्यांनी यंत्र 'तयार' म्हणून पुढे ढकललं की याचं काम सुरू व्हायचं. "तयार म्हणजे कुणी ठरवलं?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि "लेखी द्या" हे दुसरं वाक्य. पुण्यात असताना याच दोन वाक्यांपायी दोन नोकऱ्या गेल्या होत्या. जर्मनीत आला आणि त्याला जणू माहेर मिळालं. इथे लेखी मागणाऱ्याला कुणी विक्षिप्त म्हणत नाही, उलट खुर्ची देतात.

पण कचेरीतला चष्मा घरी आल्यावर काढून ठेवावा, हे काही त्याला जमलं नाही. दुधाच्या डब्याचं झाकण तो उघडण्याआधी उजेडात धरून बघायचा. वरच्या मजल्यावरची म्हातारी 'गुटन मॉर्गन' जरा जास्त गोड म्हणाली की हिला आता आपल्या सायकलींच्या जागेवर काय ठेवायचंय, असं त्याच्या मनात यायचं. लेक इरा शाळेतून हसत आली की गुण कमी पडले असणार आणि रडत आली की जास्त काहीतरी झालं असणार. बायको उल्का म्हणायची, "अहो, देव जरी पुढे उभा राहिला ना, तरी तुम्ही त्याचं आउसवाइस मागाल." यावर श्यामकांत हसायचा नाही. ओळखपत्र मागण्यात चूक काय, हे त्याला खरोखरच कळत नसे.

उल्का मिरजेची. मिरजेत थंडी म्हणजे वर्षातून आठ दिवस पेटीबाहेर येणारा स्वेटर. वनस्पतिशास्त्रात एमेस्सी करून, चार वर्षं कॉलेजात शिकवून ती इथे आली आणि इथल्या कचेऱ्यांनी तिच्या पदवीचे कागद इतके दिवस इकडून तिकडे फिरवले की शेवटी तिनेच त्यांचा नाद सोडला. एका शाळेच्या भोजनगृहात ती दुपारी मुलांना वाढायची. तिथल्या बायका चांगल्या होत्या, पण तिला कुणी काही विचारत नसे. बटाटे संपले का, एवढंच.

मग दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात, अडतिसाव्या वर्षी, ती लांगलाउफ शिकली. उतारावरून सुसाट घसरणं नव्हे. हे सपाटीवरचं, लांब पल्ल्याचं. पायांना दोन अरुंद पट्ट्या, हातांत दोन काठ्या, आणि बर्फात यंत्राने कोरलेल्या दोन समांतर चाकोऱ्या, ज्यांना इथे लॉइप म्हणतात. गाडीने फोर्खहाइम, तिथून बसने चाळीस मिनिटं, की लिंडनरॉइथ नावाचं गाव. चेरीच्या बागा, मागे टेकड्या आणि टेकड्यांवर गावच्या मंडळाने राखलेली नऊ किलोमीटरची लॉइप. पहिल्या दिवशी उल्का सतरा वेळा पडली. दुसऱ्या वर्षी मंडळाची सभासद झाली. तिसऱ्या वर्षी मंडळाचा म्हातारा प्रमुख वायगेल नवशिक्यांना सांगू लागला, "गुडघे कसे ठेवायचे ते फ्राउ शेवडेंचं बघा." दहा वर्षांत या देशात तिच्याकडे बघून शिका असं कुणी पहिल्यांदाच म्हणालं होतं.

श्यामकांत एकदाच गेला होता, पडला, आणि ज्या खेळात उभं राहायलाच शिकावं लागतं तो खेळ संशयास्पद आहे, असं ठरवून परत आला. त्यापेक्षा त्याने एक वही सुरू केली. दर हिवाळ्यात लिंडनरॉइथची लॉइप किती दिवस उघडी होती ते तो त्या वहीत लिहू लागला. मंडळाचा एक बर्फाचा फोन होता. नंबर फिरवला की ध्वनिमुद्रित आवाज आजचा बर्फ किती ते सांगे. श्यामकांत रोज सकाळी फोन करायचा आणि संध्याकाळी उल्का गाल लाल करून घरी आली, पट्ट्या पुसू लागली, की वही उघडून म्हणायचा, "यंदा एकोणीस. गेल्या वर्षी याच तारखेला सत्तावीस होते. हवा तापतेय, उल्का. तुझ्या साठीला तिथे आंबे लागतील."

तो खोटं बोलत नव्हता, आणि दुष्टपणानेही बोलत नव्हता. आकडे होते, त्याने सांगितले. मध्ये एखाद्या हिवाळ्यात भरपूर पडायचा तेव्हा तो म्हणायचा, "एका वर्षावर जाऊ नको, सरासरी बघ." उल्का सुरुवातीला वाद घालायची. मग नुसती हसायची. मग पट्ट्या केलरमध्येच, म्हणजे इमारतीच्या तळघरात, पुसून वर येऊ लागली. यातलं शेवटचं त्याच्या वहीत कुठेच नव्हतं.

आणि मग दोन हजार सहाचा डिसेंबर आला. तो हिवाळा ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल. थर्मामीटर अकराच्या खाली यायला तयार नाही. नाताळात लोक शर्टावर फिरत होते, जानेवारीत चौकातल्या बाकांवर बसून आइस्क्रीम खात होते, खालच्या बागेत भलत्याच वेळी फुलं उमलली होती. श्यामकांतच्या वहीत त्या वर्षीच्या पानावर फक्त शून्यं. त्याला वाईट वाटलं, पण आपण म्हणत होतो ते खरं झालं याचं किंचित समाधानही वाटलं. खोटं कशाला बोला.

घोडं पेंड खात होतं ते पुढेच. नऊ डिसेंबरपासून दर शनिवारी सकाळी आठ वाजता उल्का पट्ट्या खांद्यावर टाकून निघायची आणि चारला परत यायची. गाल लाल. डोळे चमकतायत.

पहिल्या शनिवारी त्याने विचारलं, "बर्फ आहे?"

"असतो हो थोडाफार. डोंगर आहे शेवटी."

त्याने फोन फिरवला. तोच खरखरीत आवाज म्हणाला, लॉइप बंद, बर्फ शून्य सेंटिमीटर. त्याने पाच मिनिटांनी पुन्हा फिरवला, न जाणो. शून्यच.

श्यामकांतच्या मनात पाल चुकचुकली. मग एकेक गोष्ट दिसू लागली. हातमोजे ओले. पिशवीच्या तळाशी लाकडाचा भुसा. अंगाला चीडाच्या झाडाच्या डिंकाचा वास. आणि धपाटे! पूर्वी चार न्यायची, आता शुक्रवारी संध्याकाळी वीस-वीस धपाटे थापायची आणि वर लसणीच्या चटणीची बाटली. वीस धपाटे एकटी बाई खाते? बरं, पट्ट्या तपासाव्यात तर त्यांचे तळ ओले. म्हणजे त्या कशावर तरी घासल्या होत्या. नसलेल्या बर्फावर?

त्याने इराला गाठलं. पंधरा वर्षांची पोर, कानात गाणी. "इरा, आई शनिवारी कुठे जाते?"

"स्कीफारन," इरा म्हणाली. स्की करायला.

"बर्फ नसताना?"

इराने बापाकडे पाहिलं. "फ्राग झी डोख," म्हणाली. तिलाच विचारा की. आणि गाणी पुन्हा सुरू.

तिलाच विचारणं हा मार्ग सरळ होता, पण सरळ मार्गाने मिळालेल्या उत्तरावर श्यामकांतचा विश्वास कधी बसला होता? आता त्याला वायगेल आठवू लागला. बायको मेलेला, ताठ कण्याचा, 'गुडघे बघा' म्हणणारा वायगेल. उल्काच्या तोंडी हल्ली ते नाव येईनासं झालं होतं. पूर्वी उठता-बसता यायचं. हे जास्त वाईट. रविवारी जेवताना तो तिच्याकडे चोरून बघायचा आणि ती चटणी पुढे करायची. त्याला भीती वाटत होती. पण भीतीला भीती म्हणायची सवय नसल्यामुळे तो तिला 'विसंगती' म्हणत होता.

आणि विसंगती आढळली की काय करायचं, हे वीस वर्षांच्या नोकरीने त्याच्या हाडात मुरवलं होतं. जानेवारीच्या मध्याला त्याने लिंडनरॉइथच्या गावकचेरीला पत्र लिहिलं. जर्मन निर्दोष. नऊ डिसेंबरपासून दर शनिवारी आपल्या हद्दीत स्की करण्याजोगा बर्फ उपलब्ध आहे काय? असल्यास नेमका कोठे, आणि त्याची जबाबदारी कोणाची? कृपया लेखी उत्तर द्यावे. बायकोचं नाव त्यात नव्हतं. खाली सही, पत्ता, तारीख. पेटीत टाकलं आणि त्याला बरं वाटलं.

एक आठवडा गेला, दोन गेले. उत्तर नाही. जर्मन कचेरीचं उत्तर येत नाही म्हणजे डाळीत नुसतं काळं नाही, अख्खी डाळच काळी! तीन फेब्रुवारीच्या शनिवारी उल्का आठला बाहेर पडली आणि श्यामकांत दहाच्या गाडीने तिच्या मागावर निघाला. कोटाच्या खिशात, का कोण जाणे, त्याने मोजपट्टी टाकली होती.

लिंडनरॉइथला बसमधून तो एकटाच उतरला. ऊन पडलेलं. चेरीच्या बागांमधून चिखलाची वाट वर गेली होती आणि चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांचे खोल ताजे ठसे होते. तो त्या ठशांवरून चालत राहिला. रान लागलं, हवा एकदम गार झाली आणि पुढून हसण्याचा आवाज आला. एक बाप्याचा, आणि एक त्याच्या पूर्ण ओळखीचा. मिरजेचं हसू, तोंड भरून. घरी हे हसू किती दिवसांत ऐकलं नाही, हे त्याच्या तिथे लक्षात आलं. तो गवताच्या खोपटामागे उभा राहिला आणि डोकावला.

समोर उत्तरेकडे तोंड करून एक खोल खळगी होती, चहूकडून झाडांनी झाकलेली, दुपारचं ऊनही जिथे पोचत नाही अशी. खळगीत हिरवं गवत, आणि त्या गवताच्या मधून बर्फाचा एक पांढरा पट्टा. असेल दोनशे पावलं लांब, चार पावलं रुंद. एका टोकाला ट्रॅक्टरची गाडी उभी होती आणि सात-आठ माणसं, सगळी पन्नाशी-साठीची, फावड्यांनी तिच्यातून पांढरा चुरा उतरवत होती. दुसरीकडे भुश्याखाली झाकलेला ढीग. आणि पट्ट्यावरून उल्का येत होती.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. आपली बायको हे कसं करते ते श्यामकांतने कधी पाहिलंच नव्हतं. एक पाय लांब सरकायचा, अंग त्यावर तोलून राहायचं, मग दुसरा. घाई नाही, ओढाताण नाही. भोजनगृहात बटाटे वाढणारी, कचेऱ्यांच्या बाकांवर अंग चोरून बसणारी बाई ती नव्हतीच. टोकाला आली, वळली, पुन्हा निघाली. दोनशे पावलं जा, दोनशे पावलं ये. श्यामकांतला इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली की तो नकळत खोपटामागून बाहेर आला.

उल्काने त्याला पाहिलं आणि ती थांबली. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

"तुम्ही? मोजायला आलात?"

"नाही, नाही. सहज..." त्याचा हात खिशातल्या मोजपट्टीवर होता. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही वहीत लिहिलं असतंत. दोनशे पावलं, अमुक दिवसांत वितळणार, पुढच्या वर्षी शंभर. मला ठाऊक आहे हो ते. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. पण शनिवारपुरतं तरी मला ते ऐकायचं नव्हतं."

तेवढ्यात म्हातारा वायगेल आला आणि त्याने काही न विचारता श्यामकांतच्या हातात फावडं दिलं. इथला नियमच तसा होता: जो उपसेल तो घसरेल.

दुपारभर श्यामकांतने फावडं मारलं. सगळं हळूहळू कळलं. शहरातल्या स्केटिंगच्या कृत्रिम बर्फाच्या रिंगणावर रोज संध्याकाळी यंत्राने वरचा थर खरवडतात आणि तो चुरा बाहेर फेकून देतात. मंडळातला एक जण तिथे कामाला. आठवडाभराचा चुरा वायगेल ट्रॅक्टरने आणायचा, भुश्याखाली झाकायचा, शनिवारी पसरायचा. आणि पट्टा खळगीच्या नेमक्या कुठल्या बाजूने टाकायचा ते ठरवलं होतं उल्काने. त्या कुरणात मे महिन्यात रानऑर्किडं फुलतात. त्यांच्या कंदांवर बर्फाचं ओझं पडू नये म्हणून तिने गुडघ्यांवर बसून, माती चाचपून हद्द आखून दिली होती. "आमची बोटानिकरिन," वायगेल अभिमानाने म्हणाला. वनस्पतिशास्त्रज्ञ बाई. हा शब्द ज्या कचेऱ्यांनी द्यायचा त्यांनी कधी दिला नव्हता.

धपाटे फिरले. लाल लोकरी टोपी घातलेला एक गोरटेला माणूस चटणीने डोळ्यांत पाणी आलं तरी तिसरा धपाटा मागत होता. श्यामकांतने वायगेलला विचारलं, "पण मग फोनवर शून्य का सांगता?"

वायगेलने आवाज खाली आणला. "कुरण संरक्षित आहे, हेर्र शेवडे. इथे काहीही आणून टाकायला बंदी. परवानगी मागितली तर मिळणार नाही. म्हणून आम्ही मागितलीच नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. कचेरीलाही. पण जोवर कुणी लेखी विचारत नाही, तोवर कचेरीला ते माहीत असायचं कारण नाही. आल्झो, तेव्हा बोलायचं नाही आणि लिहायचं तर मुळीच नाही."

श्यामकांतचं फावडं चुऱ्यात रुतलं ते तिथेच राहिलं. त्याला आपल्या सहीचं वळणदार 'श' डोळ्यांपुढे दिसलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याने फावडं पुन्हा उचललं. परतीच्या बसमध्ये उल्का त्याच्या शेजारी बसली आणि दोन महिन्यांचं साठलेलं सांगत सुटली. कोण कसं पडलं, कुणी चटणीची कृती मागितली. उतरताना म्हणाली, "पुढच्या शनिवारी याल? इराचे जुने बूट वायगेलना द्यायचेत, आणि तुमच्या मापाच्या पट्ट्या आहेत म्हणतायत." तो "येतो" म्हणाला.

सोमवारी रजा टाकून तो लिंडनरॉइथच्या कचेरीत गेला. टेबलामागे बसलेला माणूस त्याने लगेच ओळखला. लाल टोपी खुंटीवर होती.

"पत्र मागे घ्यायला आलो," श्यामकांत म्हणाला. "माझी चूक झाली."

त्या माणसाने खणातून कागद काढला. त्यावर आवक शिक्का आणि क्रमांक. "दोन आठवडे मी हा सगळ्यांत खाली ठेवला होता," तो म्हणाला. "शनिवारी तुम्ही फावडं मारत होतात तेव्हा मला वाटलं, या नावाचा दुसराही कुणी असेल. पण त्याच्या आदल्याच दिवशी, शुक्रवारी, वरिष्ठांनी प्रलंबित पत्रांची यादी काढली होती. पत्र तुम्ही मागे घ्याल हो, पण प्रश्न त्यांनी वाचलाय. 'बर्फ नाही' असं मी लिहिलं तर ते खोटं. 'आहे' लिहिलं, तर परवानगी दाखवा."

"मी लिहून देतो की मला उत्तर नको."

"तेही लेखीच होईल," तो खिन्नपणे म्हणाला.

तीन दिवस श्यामकांतने रोज दुपारी उल्काच्या आधी टपालपेटी गाठली. गुरुवारी बैठक लांबली. घरी आला तर जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटात उघडलेलं पाकीट होतं. आपल्या दिनांक अमुकच्या विचारणेस अनुसरून पाहणी केली असता, विनापरवाना साठवलेला बर्फ व भुसा आढळला, तो हटवण्यात आला आहे, कळविल्याबद्दल आभार.

"तुमचं उत्तर आलंय," उल्का म्हणाली.

"मला माहीत नव्हतं गं. मला वाटलं होतं, तू..." तो थांबला.

"काय वाटलं होतं?"

त्याने सांगितलं. वायगेलचं नाव घेतलं तेव्हा तिला राग येईल असं त्याला वाटलं होतं. ती रागावली नाही. खुर्चीत बसली आणि पाकिटाची घडी घालू लागली. "वायगेलचा फोन आला होता," एवढंच म्हणाली. "म्हणाले, आमच्यातल्या कुणी कसं केलं असेल. मी सांगितलं कुणी ते."

शनिवारी सकाळी आठ वाजता ती स्वयंपाकघरात होती. धपाट्यांचं पीठ मळलेलं नव्हतं. पट्ट्या दाराशी टेकवलेल्या होत्या, तळ कोरडे. श्यामकांत वही आणि पेन घेऊन तिच्यासमोर बसला. त्या वर्षीचं शून्यांचं पान त्याने उघडलं आणि एकेक शून्य खोडलं. आयुष्यात त्याने नोंद अशी कधी खोडली नव्हती.

"उल्का, यंदा किती दिवस झाले ते तू सांग. तू सांगशील ते लिहितो. फोनचं नाही, कुणाचं नाही."

"सांगितलं तर विश्वास बसेल?"

"बसेल."

तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. मग म्हणाली, "नऊ."

त्याने लिहिलं, नऊ. आणि मग, त्याला नको असताना, मनाला कळायच्या आत, त्याची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली आणि नऊ डिसेंबरपासून गेल्या आठवड्यापर्यंतचे शनिवार मोजू लागली. शनिवार बरोबर नऊच होते.

नजर खाली आली तेव्हा उल्का त्याच्याकडेच बघत होती. ती उठली, पट्ट्या खांद्यावर घेतल्या आणि केलरमध्ये ठेवायला खाली गेली.